प्रागमधला समजूतदार माणूस

मुलीकडे जर्मनीला गेलो असताना स्वस्तातलं विमान मिळालं, म्हणून आम्ही दोघं शनिवार-रविवार प्रागला जाऊन आलो. किल्ल्याचं तिकीट महाग वाटलं, तेव्हा नदीकाठच्या बाकावर बसून बायकोने डबा उघडला. शेजारच्या अनोळखी आजोबांनी हसून आपल्या पावाचा तुकडा पुढे केला. हिने लगेच त्यांच्या हातावर मेथीचा लाडू ठेवला. हा कडूजहर लाडू मी वीस वर्षं चुकवत आलोय! आजोबांनी डोळे मिटून तो संपवला आणि पुन्हा हात पुढे केला. परक्यांशी माणूस इतका दिलदार कसा होतो, कोण जाणे. मला ते घरातसुद्धा जमलं नाही.

परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, “प्रागला काय पाहिलंत?”

“एक समजूतदार माणूस,” ही म्हणाली.