दुसऱ्या मजल्यावरची दृष्ट

मीठ-मोहरी तडतडल्याचा वास आला, की मला कर्वेनगरातल्या त्या हॉस्पिटलसमोरचा फुटपाथ आठवतो आणि हसू येतं.

साथीचे दिवस होते. भेटायला येणाऱ्यांना आत बंदी. त्यामुळे माझी नवजात मुलगी मी अजून पाहिलीच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत नर्स बाळ घेऊन आली आणि आईने मीठ-मोहरीची मूठ भरून खालूनच दृष्ट काढायला घेतली.

“काकू, सगळ्यांनी मास्क लावलेत. दृष्ट लागणार कोणाची?” वॉचमनने विचारलं.

“डोळे उघडेच आहेत ना!”

तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून माझी बायको जोरजोरात हात हलवू लागली. तिच्या कुशीत आमची मुलगी होती. आधीचं बाळ दुसऱ्याच कोणाचं!

आईने पुडीतून नवी मूठ भरली.

“असू दे. त्याच्याही आजीला आत सोडलं नसेल.”