भूलवालीची करंगळी

मुनियाच्या तोंडातून पाण्यासारखं काही आलं आणि तिचे ओठ जांभळे पडले. दीड वर्षाची पोर, ऑपरेशनच्या टेबलावर. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईनं मास्क काढला, तिला कुशीवर केलं, टेबल डोक्याकडून खाली करायला लावलं आणि नळीनं घसा साफ करायला घेतला. मान न वळवता मला विचारलं, "मावशी, हिच्या पोटात काही गेलंय?"

"नाही जी," मी म्हटलं.

ते खोटं होतं.

मी त्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात आया होते, पोराला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेणारीही मीच. शिक्षण चौथी. पण रडतं पोर माझ्या खांद्यावर गप व्हायचं, तेवढाच माझा मान. मग ही डॉक्टरीणबाई आली. आम्ही तिला भूलवाली म्हणायचो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वॉर्डात फरशीवर बसायची, पोरांच्या हातात मास्क खेळायला द्यायची, साबणाचे फुगे उडवायची. दुसऱ्या दिवशी तीच पोरं माझ्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावायची. माझ्या अंगाची आग व्हायची. "एवढी शिकली अन् फुगे उडवून राहिली," असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे.

भूल देताना तिच्या डाव्या हाताची करंगळी सदा पोराच्या जबड्याखाली. वॉर्डातून जाताना एखादं झोपलेलं पोर मान मुडपून पडलेलं दिसलं, तरी थांबून हनुवटी वर करायची. म्हणायची, "भूल देणं सोपं आहे. श्वासाची वाट उघडी ठेवायची, ते खरं काम."

एकदा हर्नियाचं ऑपरेशन झालेलं पोर मी थोपटून गप केलं आणि ऐटीत उभी राहिले. तिनं त्याच्या आवळलेल्या मुठी पाहिल्या. "मावशी, हा शांत नाही झाला, रडून थकलाय. दुखतंय त्याला." औषध दिलं. थोड्या वेळानं मुठी सुटल्या. तिचं खरं निघालं, म्हणून मला जास्तच राग आला.

मुनिया त्या सकाळी ऑपरेशनसाठी उपाशी होती. तिची माय सही करायला गेलेली. पोर दाराकडे बोट दाखवून फुगेवालीसाठी रडत होती. हिला तर मीच गप करीन, म्हणून मी अर्धी वाटी दूधसाखर पाजली. ती माझ्या खांद्यावर झोपली. मला बरं वाटलं. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात जातं, हे मला माहीत होतं. रोज मायांना मीच बजावायचे.

टेबलापाशी भूलवालीनं पुन्हा विचारलं, "मावशी, मला आत्ता कळायला हवं. पाणी की दूध?"

"दूध. अर्धी वाटी. मीनंच पाजलं."

तिनं श्वासनळीत नळी घातली, आतलं ओढून घेतलं. ऑपरेशन थांबवलं. दोन दिवस मुनिया श्वासाच्या मशीनवर होती. भूलवालीनं तिच्या मायला सगळं खरं सांगितलं, माझ्यासमोर.

"काहून पाजलं वं मावशी?" मायनं विचारलं.

मी खाली पाहत बाहेर निघून गेले. नंतर भूलवालीला सांगितलं, "पोरगी तुमच्याकडं झेपावत होती, मले पाहवलं नाही."

 ती म्हणाली, "आता पोर उपाशी आहे हे तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी भूल देणार नाही."

पुढं पाच वर्षं तिनं ते पाळलं. मीही खोटं बोलले नाही. मग नवऱ्याची बदली झाली, ती नागपूर सोडून गेली. फुग्यांची बाटली माझ्या हातात देऊन गेली. मला तिच्यासारखे फुगे कधी जमले नाहीत.

मुनिया आता प्रताप नगरात शाळेत जाते. परवा मायसोबत भेटली. मला ओळखलं नाही, मायकडून ऐकलेली फुगेवाली कुठं आहे ते विचारलं.

मुनिया वाचली.