सुनंच्या परीक्षेत माझं बोट

आटपाडीच्या रस्त्यावर गाडी घसरली आन सुनंचा उजवा हात मोडला. नेमकी तवाच तिची नोकरीची परीक्षा. सांगलीचा सायब ल्यापटॉपवरनं बघत बसनार आन हिनं त्येच्या म्होरं पायथन भाषेतली नवी वेबसाइट कोऱ्यापास्नं उभी करायची. जमलं तर घरात बसून काम, न्हाई तर तान्ह्या लेकराला घिऊन पुण्यात खोली हुडकायची. ल्योक माझा मिल्ट्रीत.

डावा हात व्हता, पर त्यावर नातू. माझ्याकडं आला की मिशी बघून भोकाड पसरतोय. मालकीण मेंढरामागं गेल्याली, कारण मेंढरं बी माझं ऐकत न्हाईत. ऱ्हायलो मीच.

"मामा, मी सांगती, तुमी बटनं दाबा," सून म्हनली.

शाळंची पायरी म्या कवा चढलो न्हाई. मग तिनं आदल्या दिशी इंग्रजी अक्षरास्नी नावं ठिवली. वाय म्हंजे बेचकं, टी टिकाव, एच शिडी, जे आकडी, ओ भाकरी.

सायब पडद्यावर आला तसं तिनं समदं सांगून टाकलं. त्यो म्हनला, "चालेल. बोट कुणाचंही असू दे, डोकं तुमचं हवं."

ल्यापटॉपाला हुकूम लिवून द्यायची काळी खिडकी उघडली.

"आदी वाघर लावायची," सून म्हनली. वाघर म्हंजे आमी मेंढरं कोंडतो ती जाळी. ह्या वेबसाइटीला लागनारं सामान येगळं कोंडायचं, बाकीच्या ल्यापटॉपात मिसळू द्यायचं न्हाई. ह्ये मला पटलं.

"बेचकं... आता टिकाव... शिडी... आवं मामा, ती आकडी हाय, शिडी तिच्या शेजारी."

सायब खाली मान घालून हसत व्हता.

वाघर लागली. आत शिरलो, सामान उतरलं, थोड्या वळी लिवल्या, खिडकीला हुकूम सोडला आन पान उघडलं. वर 'नमस्कार'. सून हरकली. म्या काळ्या खिडकीकडं बघितलं तर ती गप. हालंना, बोलंना. काम संपलं, उगं करंट कशाला जाळायचा, म्हनून तिच्या कोपऱ्यातली मिटवायची फुली दाबली.

"पान परत एकदा उघडून दाखवा," सायब म्हनला.

पान मेल्यालं.

"मामा, काय केलंसा?"

"गप पडली व्हती. मिटवली."

"ती राखण करत व्हती. कुनी आलं की पान दाखवायचं काम तिचंच."

आमचं कुत्रं बी आसंच पडून राखण करतंय. त्येला म्या कवा पुरलं न्हाई.  सुनंच्या नोकरीवरच फुली मारली की म्या.

तिनं नातवाला खांद्यावर घेतला. "खिडकी उघडा. आदी कुटं जायाचं?"

"वाघरीत."

"मग?"

"राखण्याला उठवायचं."

परत बेचकं, परत टिकाव. नमस्कार आला.

सायब म्हनला, "मधेच काहीतरी बंद पाडून बघणार होतो, तुम्ही कसं सावरता ते. यांनी माझं काम केलं. सोमवारपासून सुरू करा, घरूनच."

"आन मी?" म्या इचारलं.

"प्लास्टर निघेपर्यंत तुम्हीपण. फुलीला तेवढा हात लावू नका."

सुनंनं त्याच दिशी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कपाळाची टिकली काढून चिकटवली. बोट तिकडं गेलं की, आईची टिकली घेतोय म्हनून नातूच पयला वरडतोय.