पाटावरचं पातं

"आधी ते लोखंड उचल पाटावरून. मंग पूजेचं बोल!" गुलाबरावांनी झेंडूची परडी फरशीवर आपटली.

"काहून उचलू?" क्षमा जागची हलली नाही. "पाटावर सारं लोखंडच तर आहे, भाऊजी."

"ते माह्या भावाचे नट कसायचे पाने आहेत. अन् हे? टायर कापायचं पातं! कुठकुठल्या चिखलातले टायर चावून आलं असंन, अन् तू देवापुढे ठेवून राहिली."

"राखेनं घासून धुतलं मी."

"धुतलं म्हणजे शस्त्र झालं काय?"

"बडे पप्पा, विळी भी तो रखी है," क्षमाची लेक स्नेहल स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या शाळेच्या हिंदीत म्हणाली. "कल उसी से बैंगन कटा था."

"तू चूप बस, पोट्टी. मोठ्यांच्या मधात बोलू नको."

खंडेनवमीची सकाळ होती. क्षमाचे थोरले दीर गुलाबराव रेल्वेतून रिटायर झालेले. दरवर्षी या दिवशी ते शहरातल्याच गुढियारीहून स्कूटरवर भनपुरीला, क्षमाच्या घरी येत. पायाशी लाकडी पेटी असे. पेटीत त्यांच्या धाकट्या भावाची, निरंजनची हत्यारं. काविळीनं निरंजन गेला तेव्हा "इथं गंजून जातीन" म्हणून त्यांनी ती स्वतःच्या घरी नेली होती. खंडेनवमीला आणायची, पुसून तेल लावायचं, पूजा करायची आणि संध्याकाळी परत न्यायची. पूजेला घरचा पुरुष हवा, म्हणून बसायचेही तेच. क्षमा निरांजन आणून द्यायची आणि मागे उभी राहायची.

या वर्षी तिनं हत्यारांच्या शेजारी ते पातं ठेवलं होतं. परातीएवढं, मधोमध सहा कोनांचं भोक, कडेला वाकडे दात. दातांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली.

निरंजन ज्या कारखान्यात फिटर होता, तिथं टायर फाडायची मशिनं बनतात. तो गेल्यावर मालकानं क्षमाला स्टोअरमध्ये घेतलं. नटबोल्ट मोजून द्यायचे, चहा सांगायचा, एवढंच काम. शेजारपाजार कुजबुजला, पण सासूबाईंनी, प्रमोदिनीबाईंनी, डबा भरून तिच्या हातात दिला होता. "जा. घरी बसून भिंती पाहशीन तर भिंतीच दिसतीन."

पुढे एकदा माणसं कमी पडली आणि शेखर फोरमन म्हणाला, "वहिनी, पाती ओवायला या." मशीनच्या पोटात सहा कोनांचे दोन जाड दांडे शेजारी शेजारी असतात. त्यांच्यावर एक पातं, एक कडं, पुन्हा पातं, पुन्हा कडं असं ओवत जायचं. या दांड्यावरचं पातं त्या दांड्यावरच्या कड्यासमोर आलं पाहिजे. दोन्ही दांडे एकमेकांकडे फिरतात, अगदी सावकाश, जात्यासारखे. जोर सगळा गिअरबॉक्सचा. पात्याचे दात टायर धरून आत ओढतात आणि शेजारशेजारच्या पात्यांच्या धारा त्याला कात्रीसारखं कापतात. मधली फट कागदाएवढी. ती वाढली तर रबर कापलं न जाता मधे दुमडून बसतं. नाही राहिली तर पात्याला पातं घासतं.

क्षमानं पहिला दांडा भरला तो अगदी तिच्या फडताळासारखा. सगळे दात एका रेषेत, एक केस इकडचा तिकडे नाही. लांबून पाहून ती स्वतःशीच खूश झाली. चाचणीला ट्रकचा टायर टाकला. त्याच्या काठातली जाड तार आधीच दुसऱ्या मशीननं ओढून काढलेली होती. तरी सगळ्या दातांनी एकदम चावा घेतला, दांडे थांबले, मशीन कुंथलं, आपोआप उलटं फिरलं आणि टायर वर फेकला गेला. पुन्हा घेतला, पुन्हा फेकला. लोक हसले.

शेखर हसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, घर फार नीट ठेवता वाटते तुम्ही. इथं रांग वाकडी लागते. एका दातानं धरलं, की थोड्या वेळानं दुसऱ्यानं. सारे एकदम तुटून पडले तर मोटरचा दम जाते."

ती घरी येऊन जेवली नाही. सासूबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा हातवारे करून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "वेणी गुंफतो तशी हो. फुलं एकाखाली एक ठेवतो काय आपण? जरा जरा सरकवत नेतो, तेव्हा गोल भरते."

दुसऱ्या दिवशी क्षमानं दांडा उतरवला आणि वेणी गुंफावी तसा पुन्हा भरला. टायर आत गेला तेव्हा आवाजही फारसा झाला नाही. रबर कण्हत कण्हत खाली गेलं आणि जाळीतून तुकडे पडू लागले. शेखरनं त्यातला एक तिच्या तळहातावर ठेवला. "घरी दाखवा," म्हणाला. तो तुकडा सासूबाईंनी कितीतरी दिवस खिडकीत ठेवला होता.

त्याच मशीनची पाती यंदा झिजून बदलायला परत आली. कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेच्या दिवशी शेखरनं त्यातलं एक तिला दिलं. रिक्षावाल्यानं ते पायाशी ठेवून घेतलं आणि विचारलं, "दीदी, ये क्या चीज है?" काय सांगावं, तिला सुचेना. "मेरा काम है," ती म्हणाली.

"ऐकून राहिली काय?" गुलाबराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "निरंजनच्या हत्यारांजवळ दुसरं काही नको, एवढंच म्हणतो मी. त्या पान्यावर त्यानं गुंडाळलेली पट्टी अजून आहे. मी ती सोडवली नाही."

"मले माहीत आहे, भाऊजी. तुम्ही तेल लावत आले म्हणून ते गंजले नाहीत. माह्याच्यानं झालं नसतं तेव्हा. पेटी उघडायचीही हिंमत नव्हती." क्षमानं पात्यावर हात ठेवला. "पण हेही त्याच कारखान्यातलं आहे. यावर आपलं घर चाललं. मी दुसरं काही मागून नाही राहिली."

गुलाबराव पान्यांकडेच पाहत राहिले. पात्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

प्रमोदिनीबाई इतका वेळ भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी हात पुसले. "क्षमे, हात दाव इकडे."

क्षमानं हात पुढे केला. बोटांचे सांधे सोललेले होते.

"पाहा, गुलाब. रोज हळद लावतो मी. कारखान्याचे पाने झिजले आहेत, घसरतात, अन् हिचा हात लोखंडावर आपटते. निरंजनचे धडधाकट पाने तुह्या पेटीत निजून राहिले."

"आई, वापरले तर झिजतीन ते."

"झिजू दे. हे पातं नाही झिजलं? तू सांभाळले म्हणून आज वापरता येतात. तुह्ये उपकार आहेत, बाबा, नाही कोण म्हणते?"

गुलाबरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग परडी उचलून एक झेंडू हातात घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे उभे राहिले.

प्रमोदिनीबाई भिंतीला धरून उठल्या.

"पेटी आजपासून इथंच राहीन. दसरा झाला की क्षमा हे पाने घेऊन कामावर जाईन. आज पूजेले तीच बसते. गुलाब, तू आरती म्हण. स्नेहल, घंटी घे."