तांदळातलं नाव

माझी भावजय कराचीची. फाळणीनंतरही तिकडेच राहिलेल्या मोजक्या मराठी घरांपैकी एका घरातली. अकोल्यात मावशीकडे आली होती, तेव्हा माझ्या धाकट्या भावानं तिला पाहिलं. लग्न झालं, मुलगा झाला, तिच्या हातच्या भरताला गल्लीत मागणी आली. पण सरकारदरबारी ती परदेशीच. अमरावतीला माझ्याकडे यायचं तरी आधी परवानगी. अकोल्याहून अमरावती म्हणजे गाडीत एक डुलकी काढण्याएवढं अंतर. माझ्या मुलीच्या लग्नाला येण्याची तिची परवानगी हातात पडली, तेव्हा मुलगी सासरहून पहिल्या माहेरपणाला आलेली होती.

तिचे वडील कराचीत एकटे होते. जुन्या पासपोर्टवर गेली तर परत येऊ देतीलच याची खात्री नाही, आणि इकडे लेकरू शाळेत. म्हणून तिचं एकच म्हणणं, "ताई, एकदा कागदोपत्री इथली झाले, की बाबांना भेटून येते." त्यासाठीच नागरिकत्वाचा अर्ज केला होता. भाऊ वकील. त्याला वाटलं, कायद्यात बसतं म्हणजे मिळेल. इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून माणूस एवढा भाबडा कसा राहतो, मला कळत नाही.

वर्ष उलटल्यावर चौकशीला एकजण आला. साध्या कपड्यांत, म्हणजे गुपचूप. पायात बूट मात्र पोलिसी. अकोल्यातल्या आमच्या माहेरच्या दारापर्यंत येणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसावं. तो पानठेल्यावर उभा राहिला, मग चक्कीवर गेला, आणि पासपोर्टवरचं नाव घेऊन विचारत सुटला.

आता आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, की जुनं माहेरी राहिलं. आमच्या आईनं हौसेनं निवडलेलं ते नवं नावसुद्धा गल्लीत कोणी घेत नसे. सगळ्यांची ती वकिलीणबाई. समोरच्या काकूंकडे दर हिवाळ्यात तिच्या हातचं भरीत जातं. त्यांनी ठणकावून सांगितलं, "अशी कोनी बाई आमच्या गल्लीत राहत नाई. पाकिस्तानची त नाईच नाई." त्या गृहस्थानं तेवढंच लिहून नेलं : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. त्याच वेळी ती त्याच्या पाठीमागे, आमच्या ओसरीवर, वाळवण गोळा करत होती.

पुढच्या खेपेला माहेरी गेले, तेव्हा मी काकूंना जाब विचारला. "ते नाव कोनाचं हाय, मले का मालूम?" त्या म्हणाल्या. "आमी त तिले वकिलीनबाईच म्हनतो."

अर्ज परत आला. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र हवं होतं आणि शेजारचा साक्षीदार हवा होता. साक्षीदार म्हणून काकूच मिळाल्या. ज्या तोंडानं अशी बाईच नाही म्हटलं होतं, त्याच तोंडानं त्यांनी ती लग्नापासून इथंच राहते म्हणून सांगितलं, आणि सरकारनं दोन्ही वेळा विश्वास ठेवला. मग फाइल वर गेली. वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं, तर कारकुनानं पंख्याकडे पाहिलं. वर गेलेल्या फाइलचं विचारायचं नसतं म्हणे.

फाइल वर असतानाच कराचीहून फोन आला. वडील गेले. तिनं त्यांना शेवटचं मोबाइलवर पाहिलं, आणि तेही मध्येच नेट गेलं.

त्यानंतर पुन्हा चौकशी लागली. मी तेव्हा तिच्या सोबतीला अकोल्यालाच होते. या वेळचा माणूस थेट घरात आला, सोफ्यावर ऐसपैस बसला. चिवडा खात खात त्यानं विचारलं, "तिकडं आता कोन कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "वडील होते."

"बरं झालं," तो लिहिता लिहिता म्हणाला. "तिकडं कोनी नसलं की रिपोर्ट लवकर निघते."

मी त्याच्या पुढ्यातली चिवड्याची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आणि रिपोर्ट खरंच लवकर निघाला. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी भावानं पेढे आणले. तिनं पेढ्याला हात लावला नाही. कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. मी चष्मा लावून पाहिलं. त्यावर तिच्या वडिलांचं नाव अगदी बिनचूक छापलं होतं. तेवढं एक त्यांना पहिल्या फटक्यात जमलं होतं.