पाइपाच्या सांध्यातला पिवळा काठ

वास घराला येत नसतो, माणसाला येतो असं मला वाटायचं. पण आमच्या सांगलीच्या घराला तो खरंच आला होता. वरच्या मजल्यावरचा संडास, आणि मागच्या भिंतीवरून परसात उतरलेला बिडाचा काळा पाइप. त्याचा वरचा अर्धा भाग गंजून चाळण झाला होता. नव्वद साल उलटून गेलेलं, प्लास्टिकचे करडे पाइप तेव्हा नुकते दुकानांत लागायला लागलेले. आमचे हे म्हणाले, वरचा अर्धा प्लास्टिकचा घालू, खालचं बीड अजून दणकट आहे.

घाई होती ती वन्संची. ह्यांची धाकटी बहीण आटपाडीकडून यायची होती. तिच्या सासरी मेंढरं, त्यामुळं येणं-जाणं कमी. तिला आई-वडील राहिले नव्हते, माहेर म्हणजे आम्हीच. तिच्यासमोर ती घाण नको, एवढंच आमच्या दोघांच्या मनात.

ती यायच्या दिवशी सकाळीच मी ट्रंकेतून तिनं दिलेलं लुगडं काढलं होतं. वरचा मजला बांधला तेव्हा वास्तुशांतीला आहेर म्हणून आणलेलं. जांभळं सुती, पिवळ्या काठाचं. आमच्यात ज्यानं दिलं तो यायचा असला की त्याचं लुगडं नेसायचं. त्याला काही बोलायला लागत नाही, बघूनच कळतं. हे लुगडं मात्र पहिल्याच धुण्यात विटलं होतं, म्हणून मी ते फारसं नेसले नव्हते. वारं लागावं म्हणून दांडीवर टाकलं आणि पुरण वाटायला बसले.

मागं मिस्त्रीचं काम चाललेलं. बिडाचं तोंड मोठं, त्यात बसवलेला प्लास्टिकचा पाइप बारीक, भोवती बोटभर फट. पूर्वी म्हणे अशा सांध्यात शिसं वितळवून ओतायचे, पण प्लास्टिकला ते कसं सोसणार? म्हणून फटीत ताग ठासायचा आणि वर सिमेंट. मिस्त्रीचा ताग कमी पडला. तो ह्यांना म्हणाला, "मालक, एखादं जुनं सुती कापड बघा की."

हे आत आले आणि कापड घेऊन गेले. पुरणाच्या नादात मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दांडी रिकामी दिसली तेव्हा मी धावत परसात गेले. लुगड्याचे धडपे करून सांध्यात ठासलेले, वर सिमेंट थापलेलं, आणि पिवळ्या काठाची हातभर पट्टी खाली लोंबत होती.

"आवं, हे काय केलंत?"

"जुनं दिसलं, घेतलं. तुझं नाव लिहिलं होतं का त्यावर?"

"माझं नव्हे, तुमच्या बहिणीचं आहे ते!"

मिस्त्री म्हणाला, "वैनी, आता वडलं तर सांधा सुटंल. उद्या परत वास." मी कात्रीनं लोंबणारी पट्टी कापली. पण काठ सिमेंटात अडकला तो अडकलाच, पाइपाभोवती पिवळं कडं दिसायचं. शेवटी मी दोरी बांधली आणि भिंतीसमोर धुतलेली गोधडी वाळत घातली.

वन्सं दुपारी आली. खांद्याला शेंगांची पिशवी, उन्हानं चेहरा काळवंडलेला. पाय धुवायचा नळ नेमका त्या भिंतीशीच. मी तांब्या घेऊन पुढं झाले. "इथं दारातच धुवा की."

"दारात कशाला चिखल? नळ हाय की." ती गेलीच. पाय धुता धुता म्हणाली, "वैनी, गोधडी भिताडाला घासतीया, मळंल की," आणि तिनं ती स्वतःच सरकवली.

सरकवली आणि तशीच धरून उभी राहिली.

"वैनी, ह्यो माझा काठ न्हवं?"

खरं सांगावं तर तिच्या भावाला तिच्यासमोर उघडं पाडायचं, आणि न सांगावं तर मीच फाडलं असं होतं. हे मागून म्हणाले, "कसला काठ? जुनं धडपं हाय कसलं तरी."

वन्संनं भावाकडं पाहिलं. लोकर विकून तिनं ते लुगडं घेतलेलं, हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. ती पाइपाला हात लावून म्हणाली, "गळत न्हाई न्हवं दादा? मग ब्येस. लुगडं टिकाऊ निघालं म्हणायचं." आणि हसली. हेही हसले. ते हसणं ऐकून मला भूमीत शिरावंसं वाटलं.

पुरणपोळी तिनं पोटभर खाल्ली, रात्री गप्पाही मारल्या, मेंढरांच्या, पाण्याच्या, लेकीच्या. लुगड्याचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही. पुन्हा पुन्हा जिभेवर यायचं, आणि ह्यांच्याकडं नजर गेली की मागं फिरायचं.

निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली. माझ्याजवळची चांगली चौकड्याची साडी, घडी न मोडलेली, नारळ-तांदळाबरोबर तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं पदर पसरून नारळ घेतला, तांदूळ घेतले. साडी दोन्ही हातांनी माझ्याकडं परत सारली.

"आसू दे वैनी."

"घ्या वन्सं. माहेरची हाय. रिकाम्या हातानं जायचं न्हाई."

"रिकामी कुटं? वटी भरली की." आणि आवाज अजिबात न चढवता, माझी मस्करी करायच्या नेहमीच्याच सुरात ती म्हणाली, "ठिवा तुमच्यापाशी. तुमच्यात पायपं लय हायती."

हे तिची पिशवी हातात धरून दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मान खाली घालून ते पिशवीची न सुटलेली गाठ पुन्हा बांधत बसले, आणि ती त्यांच्या पुढं होऊन स्टँडकडं चालायला लागली.