वॉरंटीतला ट्रक आणि माझा पाना

सोळा वर्षांच्या नोकरीत मला घराजवळची ड्यूटी एकदाच मिळाली, तीही एकवीस दिवसांची. १९८७ चा डिसेंबर. फौजेतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे सहा नवे ट्रक अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात बॉडी बसवायला आले होते. बॉडी बसली की ताब्यात घ्यायचे आणि कॉन्व्हॉय करून युनिटला न्यायचे. पार्टी सात जणांची. हवालदार बाबूराव निकम पार्टी कमांडर, मी लान्स नायक, आणि पाच ड्रायव्हर. माझं घर बेलवलीला, म्हणजे मोरिवलीहून सायकलने अर्धा तास. यादीत नाव निघालं तेव्हा मी इतका खूश झालो की सुभेदार साहेबांनी मला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. म्हणाले, "खुशी पचू दे."

सकाळी ०६.०० वाजता फर्स्ट परेड. सिव्हिलियन वाचकांना सांगतो, ही माणसांची परेड नव्हे, गाडीची. इंजिन सुरू करण्याआधी ऑइल, रेडिएटरचं पाणी, टायरची हवा आणि बॅटरी बघायची, खाली वाकून कुठे गळती आहे का बघायची आणि गाडीच्या डायरीत सही करायची. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड. संध्याकाळी लास्ट परेड. बरेच जण सही आधी करतात आणि बोनेट नंतर उघडतात. मी बोनेट उघडायचाही कंटाळा करणाऱ्यांपैकी होतो.

निकम उस्ताद वेगळे. ते कोरेगाव तालुक्यातले, शिक्षण चौथी. अक्षर फौजेत आल्यावर गिरवलेलं. डायरी लिहिताना त्यांचे ओठ हलायचे. सहाही डायऱ्या ते रोज पहिल्या ओळीपासून वाचत. एकदा मी म्हटलं, "उस्ताद, काल तेच लिहिलं होतं, परवाही तेच." ते म्हणाले, "मग आजही तेच आहे का, ते बघतो."

ट्रक वॉरंटीत होते. पहिल्याच दिवशी उल्हासनगरच्या डीलरकडून वाधवा नावाचे सर्व्हिस इंजिनियर आले. गोल चेहरा, हातात वॉरंटीची पुस्तिका.

"देखो साईं, तेल, पाणी, हवा. बस! पहिली सर्व्हिस आमच्याकडे होईपर्यंत इंजिनाला पाना लावायचा नाही. हे हेडचे बोल्ट बघा. प्रत्येकावर पिवळा ठिपका आहे. कंपनीने मापात कसलेत. ठिपका हलला की वॉरंटी खलास."

उस्तादांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. मीही मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

त्याच आठवड्यात चहा पिताना उस्तादांनी एक गोष्ट सांगितली, जी ते सहसा कुणाला सांगत नसत. नायब सुभेदारीसाठी त्यांचे कागद वर गेले होते. मार्चमध्ये लिस्ट निघणार होती आणि त्यांचा नंबर तिसरा होता. प्रमोशन झालं तर ड्रायव्हिंग स्कूलवर पोस्टिंग, फॅमिली क्वार्टर, दोन्ही मुलींना एकाच गावात शाळा. "फक्त मार्चपर्यंत कंडक्ट शीट कोरी राहायला पाहिजे," ते म्हणाले. "लाल शाईची एक एंट्री पडली, की नाव खाली." बावीस वर्षांत त्यांची शीट कोरी होती. माझ्या शीटवर तोवर बरीच चित्रकला झाली होती.

रविवारी ११.०० वाजता माझे वडील भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आले. बरोबर माझा चुलतभाऊ रमेश. मी ट्रक पुसत होतो.

"ई तुजी गारी?" वडिलांनी विचारलं.

"हो बाबा. सरकारची, पण माझ्या नावावर."

"आमी आल्यापासून तू फडकाच मारतंस."

"मेंटेनन्स असतो."

"नव्या गारीला कसला मेंटनस? तुला गारी धुवालाच ठेवलाय का रं?"

रमेश म्हणाला, "आप्पा, फौजेन गारीला आंघोल घालाला पन मानूस लागतो." आणि दोघं हसले. बाजूच्या ट्रकवरचा आमचा ड्रायव्हरही हसला.

इथे शहाणा माणूस भाकरीचं फडकं सोडून खायला बसला असता. मी बोनेट उघडलं. म्हटलं, "इंजिन माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. हे हेडचे बोल्ट. हे रोज कसावे लागतात." असं कुठल्याही फौजेत कुणीही करत नाही. मी रिंग पाना काढला. जोर जास्त दिसावा म्हणून त्यावर दोन फुटी पाइप चढवला आणि वडिलांकडे बघत ओढला. पाऊण फेरा गेला. मग कट्ट असा बारीक आवाज आला आणि पाना एकदम हलका झाला.

"झाला घट?" वडिलांनी विचारलं.

"झाला," मी म्हटलं.

ते समाधानाने जेवले आणि १२.१५ ला निघून गेले. पुढची पंचवीस मिनिटं मी तुटलेल्या बोल्टाकडे बघत तीन खोट्या हकिगती रचल्या. तिन्हींत मी निर्दोष होतो आणि एकीत तर शूरही होतो. पण उस्ताद समोर आले आणि तोंडातून खरंच बाहेर पडलं.

"किती फिरवला?"

"पाऊण फेरा, उस्ताद."

"का?"

"बाबा बघत होते."

त्यांनी वाकून तुटलेला बोल्ट बघितला. मग म्हणाले, "पाना पुसून ठेव. आणि ही गाडी सुरू करायची नाही."

सोमवारी १०.३० ला वाधवा आले. वाकून बोल्ट बघितला, पुसला गेलेला ठिपका बघितला, मग माझा चेहरा बघितला. त्यांना सगळं कळलं. त्यांनी बॅगेतून वॉरंटी क्लेमचा फॉर्म काढला.

"निकम साहेब, बोल्टातच खराबी होती, असं लिहितो. कंपनी फुकट करून देईल. तुमच्या युनिटला काही कळणार नाही."

"ठिपका?" उस्तादांनी विचारलं.

"मी आज चष्मा घरी विसरलोय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी म्हटलं, "उस्ताद, सही करा. मार्चची लिस्ट."

उस्तादांनी फॉर्म घेतला आणि वरपासून खालपर्यंत ओठ हलवत वाचला. आम्ही दोघं उभे. फॉर्म एका पानाचा होता, पण मला तो पोथीएवढा वाटला.

"इथे लिहिलंय, बिघाडाचं कारण," ते म्हणाले. "बोल्ट कमजोर होता असं लिहिलं तर डायरीतही तेच चढवावं लागणार. पुढचा ड्रायव्हर ते वाचेल. त्याला वाटेल, या गाडीचे बोल्ट कमजोर, आपण कसलेले बरे. आणि तो कसेल. कुठेतरी घाटात."

"साईं, जुनी डायरी कोण वाचतो?"

"मी वाचतो."

उस्तादांनी खिशातलं पेन काढून लिहिलं: ड्रायव्हरने बोल्ट जादा कसला. पार्टी कमांडरची देखरेख कमी पडली. खाली सही, तारीख, वेळ १०.५५. वाधवांनी तो कागद घडी करून ठेवला आणि मिस्त्रीला दोन दिवसांत काम संपवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून सात जणांना पुरेल इतकं दाल-पकवान आलं. सोबत चिठ्ठी नव्हती.

युनिटला पोचेपर्यंत चार दिवस मी कबुलीजबाब पाठ केला. कंपनी कमांडर ओसी साहेबांसमोर मार्चअप, म्हणजे पेशी, झाला तेव्हा एक वाक्यही आठवलं नाही.

"बोल्ट किसने तोडा?"

"मैंने, साब."

"किसके हुकुम से?"

"अपनी अकल से, साब."

सुभेदार साहेब मागून हळूच म्हणाले, "साब, वो तो इसको इश्यू ही नहीं हुई."

माझी लान्स नायकाची फीत गेली. उस्तादांना लाल शाईची एंट्री. मार्चमध्ये लिस्ट निघाली. तिसऱ्या नंबरवर दुसरं नाव होतं. मी संध्याकाळी त्यांच्या बराकीत गेलो आणि दारात उभा राहिलो.

"उस्ताद, चुकलं माझं."

"लास्ट परेड झाली तुझी?"

"नाही."

"मग इथे काय करतोस? जा."

१९८९ च्या ऑक्टोबरात आमचा कॉन्व्हॉय डोंगरात वर चालला होता. बारा गाड्या. उस्ताद पहिल्या गाडीत, मी चौथ्या. १४.२० वाजता रेडिओवर त्यांचा आवाज आला.

"सब गाडी रुको. आगे पत्थर गिरा है. मी पायी बघून येतो. तोवर हॉल्ट परेड करा. ओव्हर."

"रॉजर, उस्ताद. आउट," मी म्हटलं.

आम्ही उतरलो. बोनेट उघडली. मी त्या दिवशी खरोखर ऑइल बघत होतो. १४.३५ ला वरचा कडा खाली आला. शंभर पावलांपुढचा रस्ता दिसेनासा झाला. मी हँडसेट घेऊन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ०७.१० वाजता ते सापडले.

१९९६ मध्ये मी पेन्शनवर आलो. बेलवलीत छोटं गॅरेज टाकलं. सोनिवलीच्या नव्या इमारतींमधले लोक नव्या गाड्या घेऊन येतात. म्हणतात, "काका, जरा आवाज येतोय, खोलून बघा ना." मी आधी पुस्तिका मागतो. बहुतेकांनी ती उघडलेलीही नसते. वॉरंटी चालू असली की मी तेल, पाणी, हवा बघतो आणि गाडी कंपनीकडे पाठवतो. रमेश म्हणतो, असा धंदा करणारा तालुक्यात तू एकटाच.

गेल्या वर्षी मी उस्तादांच्या गावी जाऊन आलो. शाळेच्या आवारात त्यांच्या नावाचा दगड बसवलाय. धाकटी मुलगी आता त्याच शाळेत शिकवते. ती मला दाखवायला घेऊन गेली.

"काका, बाबा सुभेदार होणार होते ना? आई नेहमी म्हणते."

"होणार होते."

"मग काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पाइप लावल्याचंही. तिने मधे एकदाच विचारलं, "तुमचे वडील बघत होते म्हणून?" मी हो म्हटलं. तिने दगडावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाली, "चला, चहाला आई थांबलीय."

दगडावर नावाच्या आधी 'हवालदार' आहे. कोरणाऱ्याने कागद बघून बरोबर कोरलंय. उस्तादांना ते चाललं असतं. मला अजून चालत नाही.